खंडेनवमीपूर्वीची खबरबात: पावसाळाभर थांबलेली यंत्रे आणि गाड्या

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. पाऊस परतीच्या वाटेला लागला आहे आणि नवरात्र तोंडावर आले आहे. खंडेनवमीला ज्या यंत्रांना आणि वाहनांना आपण हळदकुंकू लावतो, ती त्या दिवशी चालू स्थितीत असावीत असे मला मनापासून वाटते. म्हणून सोसायटीच्या बागेचा ब्रश कटर पंपाच्या खोलीतून बाहेर काढला. हा टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचा, खांद्याला पट्टा लावून चालवायचा कटर आहे. जूनमधील पहिल्या पावसानंतर गवत गुडघ्याएवढे वाढले, तेव्हा माळीदादांनी तो चालवला होता. पुढे जुलैच्या झडीत बागेत पाऊल ठेवणेही अवघड झाले आणि टाकीत उरलेल्या पेट्रोलसह तो खुंटीला टांगलेला राहिला.

आता दोरी ओढली की इंजिन क्षणभर फुरफुरते आणि चोक (हवेची वाट अडवणारी झडप) उघडताच बंद पडते. प्लग काढून पुसला, हवेचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला, तरी फरक पडला नाही. शेवटी टाकीतील पेट्रोल काचेच्या बरणीत ओतले, तेव्हा बरणीत दोन थर दिसले. वर नेहमीचे हिरवट, तेल मिसळलेले पेट्रोल होते आणि तळाशी बोटभर जाडीचा गढूळ, पाण्यासारखा थर होता. जाणकारांनी याचे कारण सांगावे, आणि बाकीच्यांनीही आपापल्या घरी, वाडीत किंवा वाहनतळात पावसाळाभर थांबलेल्या यंत्रांची खबरबात द्यावी. आपल्या सर्वांचे हे दुखणे दर आश्विनात एकाच वेळी डोके वर काढते.

गॅरेज_कुर्ला

मुलुंडकर, बरणी फेकून देऊ नका. सोसायटीच्या बैठकीत ती सर्वांना दाखवण्यासारखी आहे, कारण तुमच्या यंत्राचा सगळा आजार तिच्यात डोळ्यांना दिसतो.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हे अल्कोहोल असल्यामुळे ते पाणी ओढून घेते, तर निव्वळ पेट्रोल पाण्याला जवळ येऊ देत नाही. थोडे पाणी असेपर्यंत इथेनॉल ते आपल्यात सामावून घेते आणि मिश्रण एकजीव राहते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. तुमच्या बरणीतील खालचा थर म्हणजे हे पाणी आणि इथेनॉल. ही फारकत एकदा झाली की बरणी कितीही हलवली तरी मिश्रण पूर्ववत होत नाही.

चारचाकी गाडीपेक्षा टू-स्ट्रोक यंत्राला हे अधिक घातक का, ते नीट समजून घ्यावे. अशा इंजिनात वंगणासाठी स्वतंत्र तेलाची टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला, बेअरिंगला आणि क्रँकला वंगण पुरवते. थर वेगळे झाले की हे तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, तर इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असल्यामुळे ती नळी टाकीच्या तळाशीच पडून असते. म्हणजे इंजिनाला मिळते ते पाणी आणि अल्कोहोल, तेही तेलाच्या थेंबाशिवाय. तुमचे इंजिन चोक उघडताच बंद पडले हे एका अर्थी बरेच झाले. ते तसेच रेटून चालले असते, तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला असता आणि त्या दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या आसपास गेला असता.

आता करायचे काम असे. टाकी पूर्ण रिकामी करून ताज्या पेट्रोलने एकदा खळखळून घ्या. तळाचा फिल्टर नवा घाला, तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. प्रायमरचा रबरी फुगा दाबून नळीतील जुने इंधन बाहेर काढा. त्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच तेल मिसळलेले ताजे पेट्रोल भरा. १:५० प्रमाण सांगितले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर तेल लागते आणि १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. इतके करूनही इंजिन वेग घेत नसेल, तर कार्ब्युरेटरमधील (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातील) रबरी पडदा, म्हणजे डायाफ्राम, कडक झाला आहे असे समजावे. तो पडदा मऊ असेल तरच इंधनाचा पंप चालतो.

वसईची_वाडी

गॅरेजवाल्या दादांनी सांगितलेली कारणे मला पटली, पण एका मुद्द्यावर मी माझ्या अनुभवाने वेगळे सांगेन. आमच्या वाडीत दोन ब्रश कटर, एक फवारणी पंप आणि एक डिझेलचा पॉवर टिलर आहे. केळी आणि सोनचाफ्याच्या ओळींमधले तण पावसाळ्यात काढावेच लागते, त्यामुळे आमची यंत्रे जुलै-ऑगस्टमध्येही थांबत नाहीत. तेच पेट्रोल, तीच दमट हवा आणि खाडीवरून येणारा तोच खारा वारा असूनही आमच्या टाकीत असे थर कधी झाले नाहीत. मला वाटते की मुलुंडकरांच्या यंत्रात पाणी हवेतून आले नसावे, ते पेट्रोलच्या डब्यातूनच आले असावे. सोसायट्यांमध्ये मी पुष्कळदा पाहिले आहे की पेट्रोल पाण्याच्या नाहीतर शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत आणले जाते, तिचे झाकण सैल असते आणि ती बागेच्या कोपऱ्यात पावसात उभी असते.

पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत ठेवणे एरवीही धोक्याचे आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार घरगुती वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येते, पण ते घट्ट बुचाच्या, योग्य भांड्यात असावे लागते. आम्ही पत्र्याचा पाच लिटरचा डबा वापरतो आणि तेल मिसळल्याची तारीख त्यावर खडूने लिहितो. महिना उलटला की ते मिश्रण कटरमध्ये घालत नाही.

यंत्र ठेवून देण्याची आमची पद्धत माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेली आहे. काम संपले की टाकी रिकामी करायची, मग इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही थेंब उरत नाही. त्यानंतर प्लग काढून त्या भोकात चमचाभर तेल सोडायचे, दोरी दोनदा हलक्या हाताने ओढायची आणि प्लग परत बसवायचा. पात्याजवळच्या गिअरमध्ये ग्रीस भरायचे. पाते काढून, पुसून, तेलाचा हात लावून कापडात गुंडाळायचे. एवढ्याला पाव तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

गॅरेज_कुर्ला

वसईच्या ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. हवेतील बाष्प इंधनात शिरते खरे, पण त्याचा वेग मंद असतो. शिवाय इथेनॉल जितके जास्त, तितके अधिक पाणी ते फारकत न होता सामावून घेते. त्यामुळे १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा २० टक्क्यांचे मिश्रण थोड्या बाष्पाला उलट जास्त काळ तोंड देते. बोटभर थर बसला याचा अर्थ पाणी बाहेरून थेट आले. ते डब्यातून आले असेल, नाहीतर टाकीच्या झाकणातून. ब्रश कटरच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते आणि यंत्र उघड्यावर भिजले तर तेथूनही पाणी झिरपते.

डिझेलच्या टिलरबद्दल एक भर घालतो. त्याच्या इंधनात इथेनॉलचा प्रश्न नाही, मात्र डिझेलच्या टाकीत तळाशी साचलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा चिकट साका फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून पेट्रोलची टाकी रिकामी ठेवावी आणि डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे बाष्प धरायला आत मोकळी जागाच उरत नाही.

गिरगावकर

मंडळी, मी बागेतला माणूस नव्हे. गिरगावात कुंडी ठेवायला गॅलरी मिळाली तरी नशीब म्हणायचे. पण थांबलेल्या यंत्राचा विषय निघाला म्हणून माझ्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीची खबर देतो. गाडी १९७८ ची आहे, वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झाली आहे आणि पावसाळ्यात मी ती रस्त्यावर आणत नाही, कारण तिच्या दारांच्या खालच्या कडा आणि चाकांवरचे पत्रे गंजायला फार लवकर सुरुवात होते. लालबागला एका परिचितांच्या बंद शेडमध्ये ती उभी असते.

यंदा ती बाहेर काढताना तीन गोष्टी आढळल्या. बॅटरी पूर्ण उतरली होती. मागची चाके जागची हलेनात, कारण कोणीतरी हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि दमट हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसले होते. तिसरी गोष्ट म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल उडून जाऊन डिंकासारखा थर मागे राहिला होता. पहिल्या दोन गोष्टी मार्गी लागल्या आहेत. तिसरीसाठी गॅरेजवाल्या दादांनी मार्ग सांगावा. त्याचबरोबर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल या गाडीला चालेल की नाही हेही सांगावे, कारण या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे. १०८९ सीसीचे हे इंजिन ज्या काळात घडले, त्या काळात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा विचार करून रबराच्या नळ्या निवडल्या जात नव्हत्या.

गॅरेज_कुर्ला

काका, पद्मिनीचे नाव काढलेत आणि मला वडील आठवले. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्यांनी जुळणी विभागात काम केले. भोंगा झाला की कामगारांची रांग थेट स्टेशनपर्यंत जात असे, असे ते सांगत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधली नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून गेली. त्यामुळे ज्या घरांनी या गाड्या खासगी वापरात जपल्या आहेत, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो आणि त्यांचे काम मी आवडीने करतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. इथेनॉलचे दोन परिणाम आहेत आणि ते वेगवेगळे धरले पाहिजेत. पहिला परिणाम मायलेजवर होतो. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता २० टक्के मिश्रणावर सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. हा खर्चाचा प्रश्न आहे आणि त्याने इंजिनाला अपाय होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण आपोआप जुळत नसल्याने इंजिन थोडे कोरडे चालते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि तापते, पण जेटचा, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक भोकाचा, आकार किंचित वाढवला की ते सावरते.

दुसरा परिणाम रबरावर आणि धातूवर होतो आणि खरी काळजी त्याचीच आहे. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते आणि शेवटी तडकते. तुमच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी जोडनळ्या, यांत्रिक पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केट आणि सुईचे टोक हे सगळे भाग इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. त्यांचा खर्च फार नाही, पण हे काम पुढे ढकलू नये. गरम इंजिनावर पेट्रोल गळणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण आहे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. इथेनॉल टाकीतील वर्षानुवर्षांचा साका सोडवून पुढे ढकलते, म्हणून सुरुवातीला इंधनाचा फिल्टर दोन-तीनदा बदलावा लागेल. फिल्टर पारदर्शक निवडा, म्हणजे तो मळला की बाहेरूनच कळेल.

वाटीतील डिंक साफ करायला कार्ब्युरेटर उतरवावाच लागेल. स्प्रे मारून काम झाले असे जे सांगतात, त्यांच्यावर विसंबू नका. जेटची भोके तारेने कोरू नका, हवेच्या दाबाने मोकळी करा, कारण त्या भोकाचा आकार केसभर वाढला तरी इंजिनाचा सगळा हिशेब बिघडतो.

पवईची_उतरण

मी या मंडळींमध्ये वयाने लहान आहे आणि माझी गाडीही नवी आहे. तरी यंदाच्या पावसातला एक अनुभव सांगते, कारण तो थांबलेल्या गाडीचाच आहे. आमच्या इमारतीचे वाहनतळ तळघरात आहे. ऑगस्टमधील मुसळधार पावसात पाणी उपसणारा पंप बंद पडला आणि तळघरात कमरेपर्यंत पाणी चढले. माझी गाडी सायलेन्सरच्या वरपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर शेजारचे एक काका किल्ली फिरवून पाहा म्हणत होते, पण मी फिरवली नाही, कारण २६ जुलै २००५ च्या गोष्टी आईबाबांकडून इतक्यांदा ऐकल्या आहेत. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि कलिना-कुर्ल्याच्या पट्ट्यात पाण्यातून गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात अनेकांची इंजिने निकामी झाली होती.

यामागचे कारण मी नंतर वाचून समजून घेतले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. न चालवलेली बुडालेली गाडी बहुधा वाचते, चालवून पाहिलेली वाचत नाही. मी बॅटरीची ऋण तार सोडवली आणि गाडी टो करून नेली. तेथे हवेचा फिल्टर भिजलेला निघाला, पण सिलिंडर कोरडे होते. इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग दुधाळ झालेला नव्हता, तरीही दोन्ही तेले बदलून घेतली. आसने आणि गालिचे काढून वाळवावे लागले आणि हेच काम सर्वांत वेळखाऊ ठरले.

विम्याबद्दल सर्वांनी आजच आपली पॉलिसी उघडून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुरामुळे झालेले नुकसान धरले जाते, परंतु पाण्यात गाडी सुरू केल्याने इंजिनाचे जे पुढचे नुकसान होते ते बहुतेक वेळा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. मुंबईत राहणाऱ्या माणसाने इतर जोडांमध्ये काटकसर केली तरी चालेल, ही जोड मात्र सोडू नये.

पर्जन्यवृक्ष

चेंबूरहून माझी खबर. पवईच्या ताईने किल्ली फिरवली नाही याचे मला फार कौतुक वाटले.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी पेट्रोलचा कटर काढून टाकून दोन गोष्टी घेतल्या. एक बॅटरीवरचा ट्रिमर आणि दुसरे हाताने ढकलायचे रीळ पद्धतीचे गवतकापणी यंत्र, ज्यात चाके फिरली की गोल नळकांड्यावरची पाती फिरतात. ही रचना जुनी आहे. इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० मध्ये तिचे पेटंट घेतले आणि तिची कल्पना त्याला कापड गिरणीत लोकरीची लव एकसारखी कातरणाऱ्या यंत्रावरून सुचली. हे यंत्र गवत कात्रीप्रमाणे कापते, त्यामुळे गवताच्या पात्याचे टोक पिवळे पडत नाही. त्याची मर्यादाही सांगते. गवत आखूड आणि जमीन सपाट असेल तरच ते चालते, आणि जूननंतर वाढलेल्या जंगली गवतापुढे ते हतबल होते. म्हणून पावसाळ्यात ट्रिमर आणि दिवाळीनंतर रीळ, अशी आम्ही विभागणी केली आहे.

हा बदल करण्यामागे आवाज हे मोठे कारण होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि पेट्रोलचा कटर खिडकीखाली चालू असताना ती कधीच ओलांडलेली असते. आमच्याकडे तळमजल्यावर दोन अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ आहेत, त्यांच्यासाठी हा बदल आवश्यकच होता. बॅटरीचे यंत्र निगुतीने ठेवण्याचा नियम मात्र वेगळा आहे. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवू नये. ती निम्म्याच्या आसपास चार्ज असताना, यंत्रातून काढून, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी. पंपाची खोली त्यासाठी योग्य नाही, म्हणून आमच्या बॅटऱ्या सचिवांच्या घरच्या कपाटात असतात.

गाडीबाबत आमचा त्रास उंदरांचा. पावसात बिळांमध्ये पाणी शिरले की उंदीर आणि घुशी उभ्या गाड्यांच्या बॉनेटखाली आसरा घेतात आणि तारांचे वेष्टन कुरतडतात. आमच्या वाहनतळात तंबाखूच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या, फवारे असे सगळे उपाय लोकांनी केले. माझ्या पाहण्यात खरा परिणाम दोनच गोष्टींनी झाला. एक, कचऱ्याचे डबे वाहनतळापासून दूर हलवले, आणि दोन, गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त एका जागी उभी राहू दिली नाही.

वसईची_वाडी

बॅटरीच्या यंत्राचे मलाही आकर्षण आहे, पण वाडीत दिवसभर तण काढायचे म्हटले तर चार-पाच बॅटऱ्या लागतील आणि त्यांची किंमत यंत्राहून जास्त होते. सोसायटीच्या बागेसाठी ते उत्तम आहे, आमच्यासाठी अजून नाही.

मुलुंडकर, यंत्र सुरू होण्याआधी एक विनंती. माळीदादांना डोळ्यांवर चष्मा, पायांत गमबूट आणि नडगीला संरक्षण दिल्याशिवाय कटर हातात देऊ नका. आणि कटर चालू असताना पंधरा मीटरच्या आत कोणीही, विशेषतः मुले, येऊ देऊ नका. नायलॉनच्या दोरीनेही खडा गोळीच्या वेगाने उडतो. सोसायटीत पेव्हर ब्लॉकच्या कडेने गवत कापताना हा धोका वाडीपेक्षा जास्त असतो आणि शेजारी उभ्या गाड्यांच्या काचाही फुटतात. या काळात उंच गवतात साप असू शकतो, म्हणून आधी काठीने गवत हलवून घ्यावे आणि थोडा वेळ थांबावे.

गिरगावकर

दादा, तुम्ही सांगितलेले सर्व रबरी भाग बदलून घेतले आणि कार्ब्युरेटर उतरवून स्वच्छ करून घेतला. पद्मिनी सुरू झाली! पहाटे तिला कोस्टल रोडवरून मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत आणि परत आणली. दोन किलोमीटरच्या बोगद्यात तिच्या इंजिनाचा आवाज ऐकताना वडील शेजारी बसले आहेत असे वाटत होते, हे मी संकोच न करता लिहितो.

आणखी एक माहिती, ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी. आपल्याकडे दिल्लीसारखी वयाची सरसकट बंदी नाही. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये केले, ते मला भरावे लागणार आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. माझी गाडी २०२८ मध्ये त्या वयाला पोहोचेल. परंतु अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरण्यासारख्या कारणांपुरतीच काढता येते. त्यामुळे मी त्या वाटेने जाणार नाही. गाडी चालली पाहिजे, अशी वडिलांची इच्छा होती.

गॅरेज_कुर्ला

काका, ही बातमी वाचून फार आनंद झाला. गाडी अशीच पंधरवड्यातून एकदा तरी काढा आणि प्रत्येक वेळी किमान अर्धा तास चालवा. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. थंड इंजिनात ती वाफ तेलात उतरते आणि इंजिन पुरेसे तापले तरच बाहेर निघून जाते. शेडमध्येच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करणारे लोक बॅटरी भरली असे मानतात, प्रत्यक्षात ते तेलात पाणी साठवत असतात आणि सायलेन्सर आतून गंजवत असतात. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा आणि प्लास्टिकचे आच्छादन टाळा. प्लास्टिकखाली बाष्प कोंडते आणि पत्रा उघड्यावर गंजला नसता इतका तेथे गंजतो. सुती आच्छादन घ्या.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. वसईच्या ताईंचा तर्क अचूक निघाला. पेट्रोलचा डबा पंपाच्या खोलीबाहेर, पन्हळीखाली उभा होता आणि त्याच्या बुचाची रबरी चकती गायब होती. तो डबा बाद केला असून पत्र्याचा नवा डबा, चष्मा, गमबूट आणि नडगीपट्टे यांचा खर्च समितीने तत्काळ मंजूर केला. बरणी बैठकीत दाखवली, त्याचा हा परिणाम आहे. पर्जन्यवृक्ष ताईंच्या विभागणीचा विचार पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मांडणार आहोत.

कटर आता सुरू होतो आणि मंद गतीवर नीट चालतो. मात्र पूर्ण वेग दिला की गुदमरतो. फिल्टर नवा आहे, मिश्रण ताजे आहे आणि सायलेन्सरच्या तोंडावरील जाळीही काजळी काढून स्वच्छ केली आहे. म्हणजे आता डायाफ्रामच राहिला, असे मी समजतो. माळीदादा तो आजच उघडून पाहू म्हणत आहेत.

गॅरेज_कुर्ला

लक्षणे डायाफ्रामचीच आहेत, पण माळीदादांना थांबायला सांगा. त्या झाकणाखाली एक तरफ, तिची बारीक स्प्रिंग आणि सुई असते. ती स्प्रिंग उडून गवतात गेली तर कार्ब्युरेटर पूर्ण बदलावा लागेल. शिवाय पडदा आणि गॅस्केट ज्या क्रमाने बसतात तो क्रम चुकला तर इंधन अजिबात ओढले जाणार नाही. कटरवरील कार्ब्युरेटरचा क्रमांक आणि त्याचे समोरून घेतलेले छायाचित्र येथे टाका. त्याचा संच माझ्याकडे असण्याची शक्यता आहे, नसेल तर उद्या सकाळी बाजारातून घेतो. रविवारी दुपारी मी भांडुपला एका गाडीच्या कामासाठी येणार आहे, तेथून मुलुंडला येईन. माळीदादांना त्या वेळी हजर ठेवा, म्हणजे पडदा बसवताना त्यांनाही तो क्रम समजेल आणि खंडेनवमीला यंत्र त्यांच्याच हातून सुरू होईल.